चार तास बाकी

इथं माती नाही, हे येणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगावं लागतं.
नुसता काळा लाव्हा, कढईत करपून गेलेल्या पाकासारखा,
आणि त्यावर आम्ही वाहून आणलेला उकिरडा:
फ्रिजचे पुठ्ठे, केळीची सोपटं, कॉफीचा चोथा,
संडासातला भुसा, दोन वर्षं मुरवलेला.
"तीन महिन्यांत किती माती होते?" रेन्स्केनं विचारलं.
मी करंगळीचं एक पेर दाखवलं.
तिला वाटलं, मी चेष्टा करतेय.

फळा स्वयंपाकघराबाहेर, पत्र्याखाली.
आठवड्याला चोवीस तास.
बदल्यात लाकडी मचाण, मच्छरदाणी,
दोन वेळा जेवण, टाकीतलं पावसाचं पाणी.
अंडी मोजून.
खडू सादळतो, म्हणून मी तो तांदळाच्या डब्यात ठेवते.
अकरा वर्षं माझं काम हेच:
नावं लिहायची, नावं पुसायची.
ओल्या फडक्यानं कितीही घासलं
तरी ड्वेनच्या खाली आधीची त्याशा दिसतेच,
आणि त्याशाच्या खाली कोण, ते मलाही आता लागत नाही.

रात्री नखाएवढे बेडूक
सगळं रान डोक्यावर घेतात.
पहिल्या आठवड्यात पोरं कानात कापूस घालून रडकुंडीला येतात,
पाचव्यात विचारतात, आज गप्प का आहेत?
गप्प नसतात.

कुंपणापलीकडे लुर्देस. सगळे तिला मनांग म्हणतात,
म्हणजे थोरली बहीण.
तिचा बाप बोटीनं आला होता, ऊस तोडायला.
मळ्यावर त्याला नाव नव्हतं, गळ्यात पितळी बिल्ला होता.
तो तिनं बटणांच्या डब्यात ठेवलाय.
एकदा कारल्याचा पाला द्यायला आली
आणि फळ्यासमोर उभी राहून सगळा वाचून काढला,
बोटानं, ओळीन् ओळ.
"पोरांना पैसे देता?"
"नाही, मनांग. शिकायला येतात."
"माझ्या बापालाही खाट फुकटच होती."
एवढंच म्हणाली. पाल्याची जुडी ओट्यावर ठेवली,
देठ नीट एका बाजूला करून.
मी दुसऱ्या दिवसाची पाळी लिहीत राहिले.
खडू दोनदा मोडला.

रेन्स्के जायच्या आदल्या रात्री टाकीचा पाइप फुटला.
तिनं सायकलची ट्यूब कापून गुंडाळली,
ती पुरेना, मग हातानंच दाबून बसली
उजाडेपर्यंत.
सकाळी बोटं सुरकुतलेली, पाठीवर पिशवी.
"अठ्ठावीस झाले," म्हणाली. "चार तास तुम्ही मला लागता."
हसत म्हणाली, पण हसणं डोळ्यांपर्यंत गेलं नव्हतं.
मी मध देऊ केला, आवोकाडो देऊ केले.
"विमानात नेऊ देत नाहीत. राहू दे. लिहून ठेव."
हिलोकडे जाणाऱ्या ट्रकमागं चढली ती.

मी लिहून ठेवलं.
महिनाभर तो आकडा
येता-जाता माझ्या पायात येत राहिला.
शेवटी एका मंगळवारी कोयता घेतला
आणि लुर्देसच्या अळूच्या वाफ्यात शिरलेला वेल
चार तास तोडला. घड्याळ लावून.
"कुणी पाठवलं तुला?"
"हे रेन्स्केचे तास आहेत."
तिनं माझ्याकडं पाहिलं, मग वेलाकडं.
"अम्मुयो," म्हणाली.
तिच्या बापाच्या भाषेत सावडीला म्हणतात तसं:
आज माझ्या रानात, उद्या तुझ्या.
"पण आता मी कुणाची लागते? तुझी, की त्या पोरीची?"
मला सांगता आलं नाही.

गुरुवारी सहाला ती आली, स्वतःचा विळा घेऊन.
नव्या पोरांना पपईची रोपं कशी धरायची ते दाखवलं,
दोघांना ओरडली, एकाला टोपी दिली.
जाताना खडू मागितला.
फळ्यावर सगळ्यांच्या खाली, नावाच्या जागी
तिनं सावकाश लिहिलं: ३४१७.
पुढं तास: ४.

गंमत होती की काय, मी विचारलं नाही.
फडकं ओलं करून हातात घेऊन उभी आहे.
खडू तिनं आपणहून
तांदळात परत खोचलाय.